दोन दगडांवर पाय

१९८८च्या सोल ऑलिंपिकची आठवण काढली की आमच्या पिढीतले बहुतेक जण आधी उत्तेजकांमुळे सुवर्ण गमावलेल्या बेन जॉन्सनचं नाव घेतात. मला आठवते ती वाळूतून उठणारी एक उंच बाई, अमेरिकेची जॅकी जॉयनर-कर्सी. हेप्टॅथलॉनचं, म्हणजे सात मैदानी प्रकारांच्या स्पर्धेचं, सुवर्ण विश्वविक्रमासह जिंकून पाच दिवस झाले होते, आणि आता ती लांब उडीचंही सुवर्ण नेत होती, ७.४० मीटर. घरच्या टीव्हीवर मुंग्या यायच्या, त्यामुळे उडीपेक्षा तिचं उठणंच मला जास्त स्पष्ट दिसलं. अंगावरची वाळू झटकायचंही भान नव्हतं तिला.

ही बाई कॉलेजात बास्केटबॉल खेळायची, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. हौस म्हणून नव्हे. शिष्यवृत्तीच मुळी बास्केटबॉलची होती. लॉस एंजेलिसच्या युसीएलए विद्यापीठात ती १९८०मध्ये बास्केटबॉलपटू म्हणून दाखल झाली आणि चार हंगाम पहिल्या पाचांत खेळली. ते वाचलं आणि मला आमचे पी.टी.चे सर आठवले.

मी खो-खो खेळायचे आणि चारशे मीटर धावायचे. दोन्हींत बरी होते, बरीच्या पुढे नव्हते. आठवीत सरांनी बोलावून सांगितलं, एक काहीतरी धर. दोन दगडांवर पाय ठेवशील तर मधल्या मध्ये पडशील. सर प्रेमळ होते, मी वाया जाऊ नये एवढीच त्यांची इच्छा होती. मी खो-खो सोडला. पुढे धावण्यातही काही झालं नाही, पण तो दोष सरांचा नाही. गंमत एवढीच, की नंतर कित्येक वर्षं मी ती म्हण दुसऱ्यांना ऐकवत राहिले. स्वतःच्या मुलीलासुद्धा. जॅकीच्या कॉलेजच्या वर्षांबद्दल मिळेल ते वाचत गेले त्यामागे थोडी ही टोचणीही असावी.

ती मिसिसिपी नदीकाठच्या ईस्ट सेंट लुईसची. नदीपलीकडे मोठं सेंट लुईस शहर. अलीकडचं हे गाव मांसाच्या कारखान्यांवर आणि रेल्वेवर पोसलेलं, आणि कारखाने गेल्यावर बसलेलं. जॅकीचा जन्म १९६२चा. जॉन केनेडी तेव्हा राष्ट्राध्यक्ष, म्हणून त्यांच्या पत्नीवरून आजीने नातीचं नाव जॅकलिन ठेवलं. ही पोर एक दिवस कशाची तरी ‘फर्स्ट लेडी’ होणार म्हणे. आज्या असं बोलतातच. एखादीचं खरं ठरतं, मग ते सांगायला आपल्यापर्यंत येतं.

आई मेरी फार लहान वयात आई झालेली, आणि तेच लेकींच्या वाट्याला येऊ नये म्हणून विलक्षण कडक. अठरा वर्षांपर्यंत मुलांबरोबर फिरणं नाही, हा घरचा कायदा. जवळच मेरी ब्राऊन कम्युनिटी सेंटर होतं आणि तिथल्या मैदानावर पोरगी गुंतून राहिली. धावण्यात ती सुरुवातीला चमकदार वगैरे नव्हती. उडीचं वेड लागल्यावर मात्र तिने बहिणींना कामाला लावलं. वेफर्सच्या रिकाम्या पिशव्यांतून बागेतली वाळू आणायची, अंगणात ओतायची आणि ओसरीवरून जॅकीने तीत उडी मारायची. दोन खेळ कसे जमले हा प्रश्न आपण मोठेपणी विचारतो. त्या अंगणात तो कुणाला पडला नसणार. तिथे एका संध्याकाळी उडी होती आणि दुसऱ्या संध्याकाळी चेंडू. खेळांना वेगवेगळी नावं, वेगवेगळे गणवेश आणि वेगवेगळे प्रशिक्षक मिळाले की त्यांच्यामध्ये कुंपण उभं राहतं. लिंकन हायस्कूलमध्ये ती बास्केटबॉल, व्हॉलीबॉल आणि ॲथलेटिक्स असे तिन्ही खेळली.

हीच मुलगी दहा-बारा वर्षं आधी जन्माला आली असती तर तिला शिष्यवृत्ती देणारं कुणी नव्हतं. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेद चालणार नाही, असा ‘टायटल नाइन’ कायदा अमेरिकेत १९७२मध्ये झाला. खेळ हा शब्दही नाही त्याच्या मूळ कलमात. पण खेळाची मैदानं आणि शिष्यवृत्त्या हाही शिक्षणाचाच भाग, तेव्हा तिथलीही दारं उघडावी लागली. युसीएलएने १९७४मध्ये ॲन मायर्स या बास्केटबॉलपटूला चार वर्षांची पूर्ण शिष्यवृत्ती दिली; असं कुठल्याही मुलीच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं. जॅकी तिथे पोहोचली ती त्यानंतर सहाच वर्षांनी. नुकतीच वापरात आलेली वाट होती ती. मुलींच्या राष्ट्रीय आंतरविद्यापीठ स्पर्धा एनसीएए या मुख्य संस्थेने भरवायला सुरुवात केली तीही १९८१-८२मध्ये, म्हणजे जॅकीच्या दुसऱ्या वर्षी. त्यामुळे एनसीएएच्या हेप्टॅथलॉन विजेत्यांच्या यादीत पहिलं नाव तिचंच आहे, १९८२चं. १९८३चंही तिचंच.

पण त्याच्याआधी पहिलं वर्ष आहे, आणि त्याबद्दल लिहिताना हात जरा जड होतो.

१९८१च्या जानेवारीत, बास्केटबॉलचा हंगाम ऐन भरात असताना, मेरी जॉयनर मेंदूज्वराने गेली. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती तिने. यंत्रांच्या आधारावर ठेवलेल्या आईला सोडायचा निर्णय अठरा वर्षांच्या जॅकीला आणि तिच्याहून थोड्याच मोठ्या भावाला, ॲलला, घ्यावा लागला. त्यानंतर ती परत कॅलिफोर्नियाला आली आणि खेळायला लागली. वाचताना हे एका ओळीत संपतं. मला त्या ओळीच्या पोटात शिरता येत नाही. अठराव्या वर्षी मी काय करत होते ते आठवून पाहिलं, तर होस्टेलच्या जेवणाबद्दल तक्रार करत होते.

त्याच सुमाराला युसीएलएच्या ॲथलेटिक्स विभागातला एक साहाय्यक प्रशिक्षक तिला भेटला, बॉब कर्सी. त्याचीही आई लवकर गेलेली. त्याने आधी तिची विचारपूस केली, खेळाबद्दल नंतर. मग त्याच्या लक्षात आलं की विद्यापीठ हिला लांब उडीपुरती वापरतंय, आणि हिच्यात तर सात प्रकार दडलेत. हिला हेप्टॅथलॉनसाठी मीच तयार करणार, असा त्याने वरिष्ठांकडे हट्ट धरला. पुढे १९८६मध्ये दोघांनी लग्न केलं. प्रशिक्षकाने शिष्येशी लग्न करणं म्हटलं की आज भुवई वर जाते, माझीही जाते. या दोघांचं काम आणि संसार मात्र दीर्घकाळ टिकला, एवढं नोंदवून पुढे जाते.

आणि दमा. कॉलेजात असतानाच तिला व्यायामाने उसळणारा दमा असल्याचं निदान झालं. तिने ते बरेच दिवस मनावर घेतलं नाही, औषधांची टाळाटाळ केली, प्रशिक्षकांपासून लपवलं. कळलं तर खेळू देणार नाहीत, ही भीती. बास्केटबॉलमध्ये सतत पळापळ, हेप्टॅथलॉनच्या शेवटी ८०० मीटर. दम्याच्या माणसाने निवडायला याहून वाईट जोडी सापडणं कठीण.

आता थोडं त्या जोडीबद्दल.

हेप्टॅथलॉन दोन दिवस चालतं. पहिल्या दिवशी १०० मीटर अडथळे, उंच उडी, गोळाफेक आणि २०० मीटर. दुसऱ्या दिवशी लांब उडी, भालाफेक आणि ८०० मीटर. प्रत्येक कामगिरीला तक्त्यानुसार गुण आणि शेवटी बेरीज. एका प्रकारात डोळे दिपवून दुसऱ्यात आपटलात तर बेरीज माफ करत नाही. दोन दगडांचं काय घेऊन बसलात, इथे सात आहेत, आणि ओढा ओलांडायचा तर सगळ्यांवर पाय ठेवावाच लागतो.

लांब उडी हा मोजून मापून करायचा प्रकार. धावायची पावलं ठरलेली, फळी जेमतेम २० सेंटिमीटर रुंद, पाय तिच्यापुढे गेला की फाऊल. सगळं सरळ रेषेत, आणि तुमच्या अंगावर कुणी येत नाही. बास्केटबॉलमध्ये याच्या नेमकं उलट. रिबाउंडसाठी, म्हणजे हुकून परत आलेला चेंडू पकडायला, उडी मारायची ती आहात तिथून, तोल असेल तसा, कुणाचं तरी कोपर बरगडीत घेऊन. जमिनीवर आल्याक्षणी दुसरीकडे वळायचं. लांब उडीचं शरीर वेगाला वेग जोडत जातं. बास्केटबॉलच्या शरीराला क्षणात ब्रेक लावता यावा लागतो. एकाने घडवलेली सवय दुसऱ्याच्या आड येणार हे उघड आहे. सरांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं.

पण शरीर दोन वह्या ठेवत नाही. रोज संध्याकाळी धक्के खात उड्या मारणाऱ्या मुलीला एकटीने, कुणाचा अडथळा नसताना, ठरल्या जागेवरून उडी मारायला मिळाली तर ती तिला चैनच वाटत असेल, असं मला उगाच वाटतं. आणि उलट बाजूने, दोन दिवस एकटीच्या बेरजेत अडकलेल्या मुलीला पास द्यायला समोर चार जणी असणं हाही विसावाच. मैदानी खेळात चूक झाली तर ती संपूर्णपणे तुमची. बास्केटबॉलमध्ये तुमची चूक कुणीतरी धावत येऊन सावरतं, आणि दुसऱ्या मिनिटाला तुम्ही तिची. हे दोन खेळ म्हणजे दोन कौशल्यं नाहीतच. माणसांत राहण्याच्या दोन तऱ्हा आहेत त्या.

अडचण खरी होती ती कॅलेंडरची. बास्केटबॉल हिवाळाभर, मार्चपर्यंत. मैदानी स्पर्धा वसंतात. म्हणजे इतर ॲथलीट हिवाळ्यात पायाभरणी करत असताना ही विद्यापीठाच्या पॉली पॅव्हेलियनच्या लाकडी कोर्टवर गुडघे झिजवत होती, आणि इतर बास्केटबॉलपटू हंगाम संपवून विश्रांती घेत असताना हिचे अडथळे सुरू. वर अभ्यास. तिने इतिहासात पदवी घेतली.

१९८३च्या हेलसिंकीच्या जागतिक स्पर्धेत मांडीच्या मागच्या स्नायूने दगा दिला आणि तिला माघार घ्यावी लागली. पुढच्या वर्षी ऑलिंपिक, तेही लॉस एंजेलिसला, विद्यापीठाच्या दारात. तेव्हा तिने १९८३-८४चा बास्केटबॉल हंगाम सोडला. अमेरिकेत याला ‘रेडशर्ट’ म्हणतात. विद्यापीठाकडून खेळायला चार हंगाम मिळतात, ते पाच वर्षांत वापरायचे. एक वर्ष बाहेर बसलात तर तुमचा हंगाम वाया जात नाही, शिल्लक राहतो. नियमात अशी फट ठेवणाऱ्या माणसाला मी ओळखत नाही, पण त्याचे उपकार मानते. आमच्याकडे खेळ ‘सोडला’ असं म्हणतात. ‘एक वर्ष ठेवला’ असं म्हणायची सोय हवी होती.

ते ऑलिंपिक. सात प्रकार संपले तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या ग्लिनिस ननचे ६३९० गुण होते आणि जॅकीचे ६३८५. पाच गुण म्हणजे ८०० मीटरमध्ये सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा. लांब उडीत दोन सेंटिमीटरही नाहीत, आणि लांब उडी तर तिची हुकमी. मांडी पुन्हा त्रास देत होती. त्याच संध्याकाळी त्याच मैदानात भाऊ ॲल तिहेरी उडीत सुवर्ण जिंकला, जे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. ती ८०० मीटर धावत असताना तो आतल्या बाजूने तिला ओरडून ओरडून पुढे ढकलत होता. नंतर ती रडायला लागली, तो समजूत घालायला गेला, तर म्हणाली, मी हरले म्हणून नाही रडत, तू जिंकलास म्हणून रडतेय.

(हेच ते मैदान, आणि हेच ते दिवस, जेव्हा आपल्या पी. टी. उषाचं ब्राँझ सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं. त्या ऑलिंपिकमध्ये बारीक फरकांचा काही तुटवडा नव्हता.)

इथपर्यंतची गोष्ट कुणालाही समजते. मला कोड्यात टाकते ती यापुढची.

ऑगस्ट १९८४मध्ये ऑलिंपिक रौप्य. वय बावीस. सुवर्ण पाच गुणांवर राहिलेलं, चार वर्षांनी पुढची संधी, आणि कशावर काम करायचं हे तक्त्यात लिहिलेलं. कुठलाही शहाणा माणूस सांगेल, आता बास्केटबॉल पुरे. आमच्या सरांनी तर हात जोडले असते. आणि ही बाई त्याच हिवाळ्यात परत गेली. प्रशिक्षक बिली मूर यांच्या संघात, पाचव्या वर्षी, राहिलेला चौथा हंगाम खेळायला. गळ्यात ऑलिंपिक पदक पडलेली मुलगी पुन्हा रिबाउंडसाठी कोपरं खात होती. कारकिर्दीत युसीएलएसाठी तिचे एकूण १,१६७ गुण झाले. त्या वर्षाअखेर, १९८५मध्ये, महाविद्यालयीन खेळांतल्या सर्वोत्तम महिला खेळाडूचा ब्रॉडरिक कप तिला मिळाला.

का गेली असेल? शिष्यवृत्तीचा हिशोब असेल. पदवी राहिली होती. दिलेला शब्द असेल. संघाला चार हंगाम देईन म्हणून आली आणि तीनच दिले, हे ईस्ट सेंट लुईसच्या घरात बसणारं नव्हतं. ही सगळी कारणं खरी असू शकतात आणि तरी मला ती अपुरी वाटतात. तिच्याकडे पाहताना आपण एक मोठा खेळ आणि एक जोडखेळ अशी उतरंड लावतो, कारण पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. १९८४च्या थंडीत तिला ते ठाऊक नव्हतं. तिच्या लेखी एक खरं आणि एक फावल्या वेळातलं असं काही नसावं. ‘यातलं तुझं खरं कुठलं?’ हा प्रश्न मुलींना जरा जास्तच लवकर विचारला जातो. त्यांच्यावर खर्च करायचा वेळ, पैसा आणि धीर मोजूनमापून काढलेला असतो. कुठे लावायचा ते एकदाचं ठरलं की घरचे सुटतात. मी मुलीला विचारला होता तेव्हा तिच्या चित्रकलेच्या आणि कथकच्या वेळा माझ्या ऑफिसच्या वेळेवर आदळत होत्या. म्हणीचा मला झालेला उपयोग एवढाच होता.

दुसरी बाजूही सांगायला हवी. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाची मॅरियन जोन्स अशीच दोन खेळांची. पहिल्याच वर्षी, १९९४मध्ये, तिच्या संघाने एनसीएएचं बास्केटबॉल विजेतेपद जिंकलं आणि ती पॉइंट गार्ड, म्हणजे संघाचा खेळ रचणारी, होती. पुढच्या वर्षी बास्केटबॉलमुळे पायाचं हाड मोडलं, बरं होताना पुन्हा मोडलं, आणि १९९६चं ऑलिंपिक गेलं. मग ती धावण्याकडे वळली, सिडनीत पाच पदकं घेतली, आणि २००७मध्ये उत्तेजकांची कबुली देऊन ती सगळी परत केली. त्या शेवटाचा दोन खेळांशी संबंध नाही. मोडलेल्या हाडाचा मात्र आहे. दोन दगडांमधलं पाणी खोलच असतं, नाही असं मी म्हणत नाही.

जॅकीचं पुढचं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून भरभर सांगते. १९८६मध्ये मॉस्कोच्या गुडविल गेम्समध्ये ७१४८ गुण. ७००० ओलांडणारी पहिली बाई. महिनाभरात ह्यूस्टनला ७१५८. १९८८ला सोलमध्ये ७२९१, जो विक्रम आजही कुणाला मोडता आलेला नाही. त्या ७२९१मधली लांब उडी होती ७.२७ मीटर. आणि अडथळे १२.६९ सेकंद. दम्याच्या बाईने शेवटचे ८०० मीटर २ मिनिटं ८.५१ सेकंदांत संपवले. पुढे १९९२मध्ये बार्सिलोनाला पुन्हा हेप्टॅथलॉनचं सुवर्ण.

१९९६ला अटलांटात मांडीने पुन्हा घात केला. हेप्टॅथलॉन पहिल्या प्रकारानंतरच सोडावं लागलं. लांब उडीत ती पट्टी बांधून उतरली आणि सहाव्या, शेवटच्या उडीत बरोब्बर ७ मीटर मारून ब्राँझ घेतलं. चौतीस वर्षांची होती. इथे थांबली असती तर चरित्रकारांची किती सोय झाली असती.

त्याच वर्षी अमेरिकेत बायकांची व्यावसायिक बास्केटबॉल लीग सुरू झाली, अमेरिकन बास्केटबॉल लीग. आणि जॅकी जॉयनर-कर्सी रिचमंड रेज या संघाकडून खेळायला गेली. कॉलेजात शेवटचा चेंडू हातात घेतल्याला अकरा वर्षं उलटली होती. संघातल्या काही जणींनी स्वतः शाळेत असताना तिला पाहिलेलं, जसं मी पाहिलं होतं. ती सतरा सामने खेळली. एकाही सामन्यात चारपेक्षा जास्त गुण झाले नाहीत.

तिच्यावरच्या लेखांत हे सतरा सामने एका वाक्यात उरकतात, थोडं ओशाळून. मी त्यांच्याशी फार वेळ रेंगाळते. जगातल्या कुठल्याही बाईला जमले नाहीत एवढे गुण एका खेळात मिळवून झालेली ही, रिचमंडच्या बाकावर बसलेली, आपल्याला आत कधी बोलावतात याची वाट पाहणारी. मग खूण होते. ती अंगावरचं जाकीट काढते, कुणीतरी दमलेली पोरगी बाहेर येताना टाळी देते, आणि ही पळत कोर्टवर जाते.